वापरलेल्या काचेच्या मत्स्यटाकीची स्वच्छता व पुनर्मांडणी

शोभिवंत मासे पाळण्याची आवड आता केवळ मोठ्या शहरांतील दिवाणखान्यांपुरती राहिलेली नाही. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्या काळी काचेआड पोहणारे रंगीत मासे पाहणे हा खेड्यातून मुंबईस जाणाऱ्याला अपूर्व अनुभव वाटे. आज तालुक्याच्या गावीही काचेच्या टाक्या व रंगीत मासे विकत मिळतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश झाल्यापासून काही शेतकरी कुटुंबे पूरक धंदा म्हणूनही या विषयाकडे पाहू लागली आहेत.

हौसेसाठी असो वा धंद्यासाठी, आरंभ पुष्कळदा जुन्या टाकीने होतो. शहरातील नातेवाइकांकडे पडून असलेली किंवा कोणी स्वस्तात विकावयास काढलेली टाकी घरी येते. पुढील हकीकत बहुधा एकाच वळणाने जाते. टाकी साबणाच्या चुऱ्याने घासून लखलखीत केली जाते. त्याच संध्याकाळी तीत पाणी भरले जाते आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून डझनभर मासे आणून सोडले जातात. दोन-तीन दिवस मासे आनंदाने फिरतात, मुले टाकीपुढून हलत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि दहा-बारा दिवसांत टाकी रिकामी होते. मग कोणी विहिरीच्या पाण्याला दोष देतो, कोणी दुकानदाराला, तर कोणी ‘आमच्या हाताला मासे लाभत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर टाकतो.

वास्तविक अशा वेळी दोष पाण्याचा नसतो, तसाच हाताचाही नसतो. टाकी स्वच्छ झालेली असते, परंतु तयार झालेली नसते. जुन्या टाकीत तीन प्रकारच्या वस्तू असतात. पहिली, डोळ्यांना दिसणारा मळ. दुसरी, डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू व विषारी अवशेष. आणि तिसरी, डोळ्यांना न दिसणारे परंतु माशांच्या जीविताला अत्यावश्यक असे उपकारक जिवाणू. स्वच्छतेने पहिल्या दोन गोष्टी जावयास हव्यात. परंतु त्यांच्याबरोबर तिसरीही जाते आणि ती नव्याने निर्माण करावी लागते. हे ध्यानी ठेवून कामाचा क्रम लावला, तर जुनी टाकी नवीपेक्षा कोणत्याही बाबतीत उणी ठरत नाही.

१. टाकीच्या पूर्वेतिहासाची चौकशी

टाकी घरी आणण्यापूर्वी पहिल्या मालकास तीन प्रश्न विचारावेत. टाकी किती दिवस कोरडी पडून आहे? तीतील मासे कशाने गेले? आणि मासे गेल्यानंतर तिचा उपयोग कशासाठी झाला?

पहिल्या दोन उत्तरांवरून निर्जंतुकीकरण किती कसून करावयाचे ते ठरते. शोभिवंत माशांत नेहमी आढळणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे उदाहरण घ्यावे. हा रोग ‘इक्थिऑफ्थिरिअस’ नावाच्या सूक्ष्म परोपजीवीमुळे होतो. माशाच्या अंगावर वाढलेला हा जीव पुढे गळून तळाशी वा काचेला चिकटतो आणि तेथे त्याची असंख्य पिल्ले होतात. या पिल्लांना दोन-तीन दिवसांत मासा न मिळाल्यास ती मरतात व पूर्ण कोरडेपणा तर त्यांना मुळीच सोसत नाही. म्हणजे महिनाभर कोरडी पडलेली टाकी या रोगापुरती निर्धोक समजण्यास हरकत नाही. परंतु कालपर्यंत पाणी असलेल्या टाकीबद्दल तसे म्हणता येणार नाही. याउलट माशांच्या क्षयरोगाचे जंतू चिवट असतात. ज्या टाकीतील मासे हळूहळू खंगत, पाठीला बाक येऊन किंवा अंगावर जखमा होऊन मेले असतील, त्या टाकीतील वाळू, स्पंज व झाडे निःसंकोच टाकून द्यावीत.

तिसरा प्रश्न शेतकरी घरात सर्वांत महत्त्वाचा आहे. रिकामी टाकी हे सोयीचे भांडे असल्याने कीटकनाशक कालविण्यासाठी, बीजप्रक्रियेसाठी अथवा फवारणीच्या बाटल्या ठेवण्यासाठी तिचा वापर झालेला असू शकतो. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही घातक असतात. काच धुऊन निघते, परंतु सांध्यांतील सिलिकॉनमध्ये शिरलेला अंश धुऊन निघेलच याची खात्री देता येत नाही. अशी टाकी माशांसाठी पुन्हा वापरू नये. तीत रोपे लावावीत किंवा ती मोडीत काढावी. याच कारणाने टाकी धुण्याची बादली, मग, स्पंज व नळी ही वेगळी ठेवावीत. फवारणीच्या किंवा कपडे धुण्याच्या भांड्यांशी त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

२. जुने पाणी, वनस्पती व मासे यांची विल्हेवाट

टाकीत अद्याप पाणी असल्यास ते नळीने काढावे. नळीत तोंडाने पाणी ओढू नये. नळी आधी पाण्याने भरून, दोन्ही टोके अंगठ्याने बंद करून एक टोक टाकीत व दुसरे खालच्या बादलीत सोडले असता पाणी आपोआप वाहू लागते. औषध किंवा मीठ न घातलेले पाणी फळझाडांना अथवा भाजीच्या वाफ्याला घालावे, कारण त्यात नायट्रेटच्या रूपाने नत्र असते. औषधमिश्रित पाणी पिकास, विहिरीच्या काठी अथवा ओढ्यात टाकू नये.

उरलेले मासे व पाणवनस्पती यांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. ‘मुकी जनावरे आहेत, नदीत सोडून पुण्य घेऊ’ असा विचार अनेकांच्या मनात येतो. परंतु त्याचे परिणाम पुढे मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना भोगावे लागतात. नद्या व तलाव व्यापून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील असून ती जगभर पसरली, ती मुख्यतः तिच्या फुलांच्या शोभेमुळे. टाकीची काच चाटून साफ करणारा म्हणून विकला जाणारा ‘सकर’ मासाही दक्षिण अमेरिकेतीलच आहे. हौशी लोकांच्या टाक्यांतून निसटलेला हा मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात व आंध्र प्रदेशातील मत्स्यतळ्यांत पसरला आहे. त्याच्या कडक काटेरी अंगामुळे जाळी फाटतात, त्याच्या बिळांमुळे बांध पोखरले जातात आणि बाजारात त्याला भाव नसतो. ज्याच्या शेतात शेततळे आहे त्याने तरी टाकीतील कोणताही मासा वा वनस्पती त्यात सोडू नये. जिवंत मासे दुसऱ्या पालकास किंवा दुकानदारास द्यावेत. वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकाव्यात आणि मेलेले मासे पुरावेत.

३. टाकीची तपासणी

टाकी कधीही पाण्यासह उचलू नये. थोडे पाणी व वाळू राहिली तरी उचलताना तळाच्या काचेवर व सांध्यांवर विषम ताण येतो. रिकामी टाकी दोघांनी मिळून खालून आधार देऊन उचलावी, वरच्या कडांना धरून उचलू नये.

प्रथम कोरड्या टाकीच्या सर्व काचा उजेडासमोर धरून पाहाव्यात. वरच्या कडेचा लहानसा टवका चालू शकतो, परंतु तळाच्या किंवा उभ्या काचेस तडा असल्यास ती टाकी पाण्यासाठी निकामी समजावी. नंतर सांध्यांवरील सिलिकॉन बोटाने दाबून पाहावे. ते लवचीक असून काचेला घट्ट चिकटलेले असावे. कडक झालेले, सुटलेले किंवा आतून काळे पडलेले सिलिकॉन धोक्याची सूचना देते.

गळतीची परीक्षा ओटीवर अथवा अंगणात, सपाट जागी घ्यावी. टाकीखाली थर्माकोलचा पत्रा व त्यावर वर्तमानपत्राचे कोरडे कागद अंथरावेत. पाणी एकदम न भरता प्रथम पाव, नंतर निम्मे आणि नंतर पूर्ण असे टप्प्याटप्प्याने भरावे व चोवीस तास तसेच ठेवावे. कागद ओला झाल्यास कोणता सांधा गळतो ते कळते. अशा वेळी केवळ गळत्या जागी वरून नवे सिलिकॉन थापणे व्यर्थ आहे, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही. आतील बाजूच्या सर्व सांध्यांवरील जुनी पट्टी पात्याने खरवडून, काच स्पिरिटने पुसून, कोरडी झाल्यावर नवी पट्टी ओढावी. मात्र दोन काचांच्या मधला मूळ थर कापू नये. त्याच्यावरच टाकी उभी असते. सिलिकॉन मत्स्यटाकीसाठी म्हणून विकले जाणारेच घ्यावे. न्हाणीघरासाठीच्या काही प्रकारांत बुरशीनाशक मिसळलेले असते व ते माशांना अपायकारक असते. दुरुस्तीनंतर टाकी आठवडाभर सुकू द्यावी आणि पुन्हा गळतीची परीक्षा घ्यावी.

४. मळ व क्षार काढणे

गळतीची परीक्षा उतरल्यावर धुण्याचे काम सुरू करावे. यात दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली साबण, व त्याबरोबरच कपड्यांचा वा भांड्यांचा कोणताही चुरा अथवा द्रव. त्यातील फेस आणणाऱ्या द्रव्यांचा सूक्ष्म अंश काच व सिलिकॉन यांवर राहतो आणि तो माशांच्या कल्ल्यांवरील नाजूक त्वचेला इजा करतो. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले बिघडले की पाण्यात प्राणवायू असूनही तो गुदमरतो. दुसरी गोष्ट कढत पाणी. जाड काचेची एक बाजू एकाएकी तापली की ती तडकते. पाणी साधे किंवा फार तर कोमट असावे. टाकी उन्हात तापली असेल तर ती निवाल्याशिवाय तीत थंड पाणी ओतू नये.

सुकलेले शेवाळ ओले करून अर्धा तास भिजू द्यावे आणि स्पंजाने चोळावे. न निघाल्यास सपाट काचेवर दाढीचे पाते तिरके धरून खरवडावे. पाते सांध्यांना लागू देऊ नये. लोखंडी घासणी किंवा राख वापरू नये, तिचे ओरखडे कायमचे राहतात. टाकी काचेची नसून ॲक्रिलिकची असेल, तर पात्याऐवजी केवळ मऊ कापडच वापरावे.

पाण्याच्या पातळीवर जो पांढरा पट्टा दिसतो तो चुन्याचा क्षार होय. विहिरींच्या व कूपनलिकांच्या जड पाण्यात तो लवकर धरतो. पाणी उडून जाते आणि क्षार काचेवर राहतो. त्यावर पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हा उत्तम उपाय आहे. टाकी आडवी करून त्या पट्ट्यावर व्हिनेगरमध्ये भिजविलेले कापड तासभर ठेवावे, मग पुसावे. एका वेळेस न निघाल्यास पुन्हा करावे. शेवटी टाकी भरपूर पाण्याने तीन-चार वेळा धुवावी. व्हिनेगरचा वास मुळीच राहता कामा नये. याचे कारण पुढील भागात स्पष्ट होईल.

५. निर्जंतुकीकरण

मळ पूर्ण निघाल्याखेरीज निर्जंतुकीकरण करण्यात अर्थ नाही. क्लोरीन प्रथम सेंद्रिय घाणीशी संयोग पावून तेथेच खर्ची पडतो व जंतूंपर्यंत पोहोचत नाही.

त्यासाठी दोन वस्तू सहज मिळतात. एक, बाजारात मिळणारे साधे, बिनसुगंधी सोडियम हायपोक्लोराइटचे चार ते पाच टक्के द्रावण. हे २५० मिलिलिटर घेऊन पाण्याने पाच लिटर करावे. दुसरी, ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते ती टी.सी.एल. म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३० टक्के उपयुक्त क्लोरीन असतो, म्हणून पाच लिटर पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम पुरेशी होते. ती प्लास्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्यावी आणि वरचे स्वच्छ पाणी वापरावे. उघडी राहिलेली, ओल धरलेली जुनी पावडर निःसत्त्व झालेली असते. तिच्यावर विसंबू नये.

हे द्रावण टाकीच्या आतील सर्व भागास, विशेषतः कोपऱ्यांस व सांध्यांस, स्पंजाने लावावे आणि पंधरा मिनिटे पृष्ठभाग ओला ठेवावा. हे काम उघड्या हवेत, रबरी हातमोजे घालून करावे. क्लोरीनचे कोणतेही द्रव्य व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा संडास धुण्याचे आम्ल यांच्याशी कधीही मिसळू नये. त्या संयोगातून विषारी क्लोरीन वायू निघतो व तो माणसाच्या फुप्फुसांस घातक असतो. म्हणूनच क्षार काढण्याचे काम आधी, पूर्ण धुणे मध्ये व क्लोरीन शेवटी, हा क्रम मोडू नये. शक्य असल्यास ही दोन कामे निरनिराळ्या दिवशी करावीत.

हातमोज्यांचे आणखी एक कारण आहे. माशांच्या क्षयरोगाशी संबंधित ‘मायकोबॅक्टेरियम मॅरिनम’ हा जिवाणू हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरू शकतो. टाकी साफ केल्यानंतर काही आठवड्यांनी हातावर न भरणारी गाठ वा जखम दिसल्यास डॉक्टरांकडे जावे व मत्स्यटाकीचे काम केल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. एरवी हे निदान लवकर सुचत नाही. हा जिवाणू क्लोरीनलाही बराच दाद देत नाही. म्हणून क्षयरोगाची शंका असलेल्या टाकीची काच क्लोरीननंतर धुऊन, वाळवून ७० टक्के स्पिरिटनेही पुसावी. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने जवळ विस्तव नसावा.

निर्जंतुकीकरणानंतर टाकी चार-पाच वेळा धुऊन, एकदा पूर्ण भरून रात्रभर ठेवावी व ते पाणी काढून टाकावे. त्यानंतर ती उघडी ठेवून दोन-तीन दिवस पूर्ण सुकवावी. नाक आत घालून वास घेतला असता क्लोरीनचा वास मुळीच येऊ नये. वापरलेले द्रावण उघड्या बादलीत दोन दिवस उन्हात ठेवून मग मोकळ्या जमिनीवर ओतावे. ते ओढ्यात वा गोठ्याच्या हौदाजवळ ओतू नये.

६. वाळू, दगड व उपकरणे

वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन, हाताने ढवळून, गढूळ पाणी ओतून टाकावे. पाणी निवळशंख येईपर्यंत हे करावे लागते. याला कंटाळा केला तर पुढे टाकी कित्येक दिवस गढूळ राहते. दगडांची परीक्षा व्हिनेगरने करावी. थेंब टाकताच फेस येणारा दगड चुनखडीचा असतो. समुद्रावरून आणलेले शंख-शिंपलेही याच जातीचे. त्यांच्यामुळे पाण्याचा जडपणा वाढतो. आपल्याकडील काळा दगड या कामी चांगला. दगड उकळू नयेत. आत पाणी मुरलेला दगड तापून फुटण्याचा संभव असतो. लाकूड क्लोरीन शोषून घेते, म्हणून ते क्लोरीनमध्ये न घालता उकळून घ्यावे.

गाळणीचा स्पंज रोगट टाकीतील असल्यास टाकून द्यावा, तो स्वस्त असतो. पंप, नळ्या व प्लास्टिकच्या वस्तू क्लोरीनच्या द्रावणात बुडवून, धुऊन सुकवाव्यात. विजेची उपकरणे प्रथम कोरडी असतानाच तपासावीत. वायरीचे आवरण फाटलेले किंवा हीटरची काच तडकलेली असल्यास ते उपकरण वापरू नये. टाकीत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी सर्व उपकरणांचा वीजप्रवाह बंद करावा. वायर भिंतीवरील खटक्याकडे जाताना मध्ये खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी खटक्यात न जाता त्या झोळाशीच खाली पडते.

७. मांडणी

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच या नेहमीच्या मापाच्या टाकीत कडेपर्यंत ५४ लिटर पाणी मावते. वाळू घालून व वर थोडी जागा सोडून प्रत्यक्षात ४० ते ४५ लिटर राहते. काच, वाळू व पाणी मिळून भार साठ-पासष्ट किलो होतो. हा भार मोडकळीस आलेल्या मेजावर किंवा भिंतीतील फळीवर ठेवू नये. बैठक सपाट व पातळीत असावी आणि तीवर थर्माकोलचा पत्रा असावा. खिडकीच्या थेट उन्हात टाकी ठेवल्यास शेवाळ फोफावते. चुलीजवळ धूर बाधतो. डास मारण्याची औषधे फवारली जातात ती जागाही वर्ज्य करावी.

पाणी नळाचे किंवा टी.सी.एल. टाकलेल्या विहिरीचे असल्यास त्यातील क्लोरीन घालविला पाहिजे. उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवल्याने तो बहुतांशी निघून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा हायपो, वापरावा. नळाच्या साधारण क्लोरीनयुक्त ४५ लिटर पाण्यास अर्धा ग्रॅम पुरेसा होतो. कूपनलिकेच्या ताज्या पाण्यात पुष्कळदा प्राणवायू कमी असतो. ते एक दिवस हवेचा पंप चालवून खेळते ठेवावे.

८. टाकी मुरविणे

येथवर टाकी स्वच्छ झाली, मांडली गेली, पाणी निवळले. बहुतेक पालक याच ठिकाणी मासे सोडतात आणि सुरुवातीस वर्णिलेला प्रसंग घडतो. त्याचे कारण शेतकऱ्यास समजावून घेणे कठीण नाही, कारण तेच कार्य त्याच्या जमिनीत अहोरात्र चालू असते.

शेतात युरिया टाकला की त्याचा प्रथम अमोनिया होतो. जमिनीतील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते पीक शोषून घेते. या क्रियेस नत्रीकरण म्हणतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू मातीतून वेगळे करून दाखविले. मत्स्यटाकीत हीच क्रिया पाण्यात चालते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी आहेत. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य आहे व थोडेथोडे पाणी बदलून ते कमी करता येते.

हे उपकारक जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते वाळूच्या कणांवर, काचेवर व विशेषतः गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. आपण क्लोरीनने व उन्हाने टाकी निर्जंतुक केली, त्या वेळी रोगजंतूंबरोबर तेही गेले. स्वच्छ टाकीत सोडलेले डझनभर मासे अमोनिया तर सोडतात, परंतु त्याचे रूपांतर करणारे कोणीच नसते. पाणी आरशासारखे नितळ दिसत असतानाही त्यात विष साठत जाते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड हलवितात ते याच त्रासाने. पाणी अल्कधर्मी असेल तर अमोनियाची विषारी शक्ती आणखी वाढते आणि आपल्याकडील पुष्कळ विहिरींचे पाणी तसेच असते.

कच्चे शेणखत पिकाला मानवत नाही, ते कुजून मुरावे लागते. त्याचप्रमाणे टाकीही मुरावी लागते. त्याकरिता गाळणी व हवेचा पंप चालू करून, मासे न सोडता, दररोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकीत टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो व जिवाणूंना अन्न मिळते. पाण्याची परीक्षा करण्याचे थेंबांचे संच मत्स्यसाहित्याच्या दुकानात मिळतात. त्याने आठवड्यातून दोनदा तपासणी करावी. प्रथम अमोनिया चढेल, पुढे तो उतरून नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, थंडीच्या दिवसांत अधिक.

हा काळ कमी करावयाचा असल्यास ओळखीच्या पालकाकडून निरोगी, जुन्या टाकीतील गाळणीचा स्पंज अथवा मूठभर वाळू ओलीच आणून आपल्या टाकीत ठेवावी. दह्याला विरजण लावतात तसाच हा प्रकार आहे. मात्र विरजण चांगल्या घरचे असावे. ज्या टाकीत रोग आहे तेथून ते आणल्यास आपली सारी मेहनत वाया जाते. केवळ जुने पाणी आणून काहीच साधत नाही, कारण जिवाणू पाण्यात नसून पृष्ठभागावर असतात. एकदा टाकी मुरली की पुढे गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकासा पिळून घ्यावा.

९. मासे सोडणे व पुढील काळजी

अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आढळल्यावर निम्मे पाणी बदलून प्रथम तीन-चारच लहान मासे सोडावेत. डासनियंत्रणासाठी आरोग्य खाते ज्यांचा उपयोग करते ते गप्पी मासे आरंभास सोयीचे असतात. सोनमासा दिसावयास मोहक असला तरी तो मोठा होतो व घाणही फार करतो, म्हणून या मापाच्या टाकीस तो योग्य नव्हे. आणलेली पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, मग टाकीचे थोडे थोडे पाणी पिशवीत घालावे आणि मासे जाळीने टाकीत घ्यावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. पहिले मासे दोन आठवडे निरोगी राहून अमोनिया शून्यच आढळल्यास आणखी मासे आणावेत. धंदा म्हणून मासे पाळणाऱ्याने तर नव्या माशांसाठी वेगळी लहान टाकी राखून त्यांना दोन-तीन आठवडे तेथेच ठेवावे. एका रोगी माशाने घरातील सर्व टाक्यांचे नुकसान होऊ शकते.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी काढून तितकेच क्लोरीनविरहित पाणी घालावे. संपूर्ण टाकी रिकामी करून घासण्याची सवय मात्र सोडावी. तसे केल्याने मुरलेली टाकी पुन्हा कोरी होते आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

सारांश, वापरलेली टाकी पुन्हा मांडण्याच्या कामात घासण्याचा भाग दोन-चार दिवसांचा आणि वाट पाहण्याचा भाग महिना-दीड महिन्याचा असतो. जो शेतकरी पहिला चांगला पाऊस होऊन जमिनीस वाफसा येईपर्यंत पेरणीस धीर धरतो, त्याला हे नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. तोच धीर त्याने काचेच्या टाकीपुढेही दाखविला, तर त्या टाकीतील मासे त्याच्या मुलांपुढे दीर्घकाळ पोहत राहतील.